आधी आभार

आमच्या साहित्य मंडळात सत्तावीस कवी आणि ऐकणारा एकही नाय. लॉकडाऊनच्या आधी क्रांती चौकाजवळच्या हॉलात भरायचो, तेव्हा निदान चहावाला तरी ऐकायचा. दुसऱ्या लाटेत सगळं मोबाइलवर आलं. दर रविवारी चार वाजता, विषय ‘महामारीतलं जगणं’. लिंक फुकटातली, चाळीस मिनिटं झाली की आपोआप तुटायची.

आता चाळीस मिनिटांत काय व्हावं? अध्यक्ष तात्यासाहेब, रिटायर मुख्याध्यापक. त्यांचं दीपप्रज्वलनच पाच मिनिटं चालायचं. पंखा चालू ठेवला की वात विझायची, बंद केला की त्यांना घाम फुटायचा. मग प्रमुख पाहुणे नानासाहेब, पंचायत समितीचे माजी सभापती, यांचा सत्कार. त्यांच्याच बायकोनं त्यांच्याच घरातली शाल त्यांना घालायची, आणि आम्ही आपापल्या घरी टाळ्या वाजवायच्या. मे महिन्यात शाल! मग आमचा कवी सांडू म्हणायचा, ‘तुझ्या ओठांवर मास्क सखे, माझ्या हाती सॅनिटायझर.’ दर रविवारी तीच कविता. उरलेल्या वेळात नानासाहेबांचं मार्गदर्शन.

आणि मी द्वारकाबाई, मुकुंदवाडीची. तीस वर्षं अंगणवाडी चालवली, चार वह्या भरून ललित लिहिलं. पण मंडळात माझं काम एकच, आभार. का, तर बाईमाणसाच्या तोंडी आभार शोभतात म्हणे. शोभतात कसले डोंबलाचे! लिंक तुटायची तेव्हा माझी पाळी आलेलीसुद्धा नसायची.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण एप्रिलात माझी जाऊ गेली, गंगापूरची सरूबाई. दवाखान्यातून परस्पर नेली. आम्ही कुणी तोंडसुद्धा पाहिलं नाय. आमच्याकडं दहाव्याला माईक लागतो. गावातला बारका पुढारीसुद्धा उठून मेलेल्याबद्दल चार शब्द बोलतो. सरूच्या दहाव्याला पाच माणसं, त्यातला एक न्हावी. चार माणसांत तिचं कुणी नाव घेतलं नाय, हे मला लई लागलं. रात्रंदिवस जीव तळमळायचा. मी तिच्यावर पाच पानं लिहिली आणि तात्यासाहेबांना फोन केला.

‘बाई, गद्य लांब होतं,’ ते म्हणाले. ‘तुम्ही आपले आभार बघा.’

त्याच रविवारी गंमत झाली. लिंक तुटली, नेहमीसारखे आभार राहिले आणि या खेपेला नानासाहेब रुसले. ‘तास-तास शाल पांघरून बसायचं आन साधे आभार नाय?’ असं म्हणून ग्रुप सोडून गेले. तास कुठला, चाळीस मिनिटं! तात्यासाहेबांनी दोन दिवस मनधरणी केली. शेवटी तोडगा निघाला, इथून पुढं आधी आभार, मग कार्यक्रम.

मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. आभाराच्या मधी कुणी उठत नाय की आवाज बंद करत नाय. जो तो आपलं नाव कधी येतंय याची वाट बघत असतो.

रविवारी मी पाच पानं पुढ्यात घेतली. ‘सर्वप्रथम आभार मानते गंगापूरच्या सरूबाईंचे,’ मी सुरू केलं. ‘एका चुलीवर बारा वर्षं काढली. त्यांनी माझ्या भाकरीला रोज नावं ठेवली आणि ताटात आधी माझीच भाकर घेतली. पहिल्या लॉकडाऊनला जीपा बंद होत्या, तर दूधवाल्याच्या गाडीवर शेवग्याच्या शेंगा पाठवल्या. वर फोन केला, करता येत नसल्या तर परत पाठव म्हणून.’

‘बाई, आटपा,’ तात्यासाहेब मधीच बोलले.

‘अध्यक्षांचं नाव यायचंय अजून,’ मी म्हटलं. गप बसले बिचारे.

‘दवाखान्यातून शेवटचा फोन केला तेव्हा नाकाला नळी होती. धापा टाकत मला म्हणाल्या, माझ्या निळ्या इरकलीवर डोळा ठेवू नको, तुला शोभत नाय. त्यांची सूनबाई सांगते, त्याच दिवशी तिला बजावलं होतं, निळी इरकल द्वारकेलाच दे. तर आभार त्या इरकलीचे. अजून घडी मोडायची हिंमत झाली नाय.’

तिथं मी पानं खाली ठेवली. अध्यक्ष, पाहुणे, सगळ्यांची नावं राहिली. तात्यासाहेबांनी सांडूला पुकारलं, तर तो म्हणाला, ‘आज माझी राहू द्या.’ असं मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं. तात्यासाहेबांनी नमस्कार केला आणि सभा संपली.

पाच मिनिटांत नानासाहेबांचा फोन. घ्या! मी पदर खोचला. म्हटलं, आज या माणसाला बोलूनच घेते, नावाचा एवढा कसला सोस.

‘द्वारकाबाई,’ ते म्हणाले, ‘आमचा धाकटा भाऊ, काकासाहेब, मागल्या महिन्यात गेला. आम्ही कुणाला कळवलं नाय. पुढच्या रविवारी त्याचंबी घ्याल का आभारात?’

मी वही ओढली. ‘सांगा. कसे होते?’

‘हट्टी. लई हट्टी. अॅम्ब्युलन्स दारात उभी आन हा म्हणतो, दादा, बुटाला पॉलिश मारून दे, असा कसा जाऊ? मी ओरडलो त्याच्यावर. ढकलूनच बसवला गाडीत.’

मी लिहीत होते. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

‘ओरडलात ते लिहू का, नानासाहेब?’

‘लिहा,’ ते म्हणाले. ‘तेवढं लिहाच.’