माहेरचं स्प्रूस

लग्न होऊन तात्सुए जपानातल्या ओमियाच्या बोनसायवाल्यांच्या गल्लीत आली, तेव्हा माहेरहून तिनं एकच जिवंत गोष्ट आणली होती. वीतभर उंचीचं, सुईसारख्या पानांचं स्प्रूसचं झाड. थंड उत्तरेतल्या नेमुरोच्या धुक्यातल्या दलदलीतून वडिलांनी ते शेवाळासकट उचललं होतं आणि बजावलं होतं, "याची माती सोडवू नकोस हो, पोरी."

पण झाडाचा मालक झाला नवरा. शिगेझो म्हणजे बागेतला कसलेला हात! पहिल्याच दिवशी त्यानं सुनावलं, "झाडाला हात लावायचाय? आधी तीन वर्षं नुसतं पाणी घाल. आमच्यात असंच शिकतात." त्या तीन वर्षांची तीस झाली. तात्सुएच्या हातातली झारी काही सुटली नाही आणि कात्री काही आली नाही.

त्या वसंतात शिगेझोनं स्प्रूसची कुंडी बदलायला घेतली. मुळांवर पांढरी बुरशी दिसली.

"सडलंय," तो म्हणाला आणि मेपलची मुळं धुतात तशी नळीखाली धरली.

"अहो, ती बुरशी त्याचीच आहे. तीच त्याला जगवते, बाबा म्हणायचे..."

"तुझे बाबा मासे पकडायचे!"

मुळं लख्ख झाली. जुनी माती तात्सुएनं मुकाट्यानं कांद्याच्या वाफ्यात टाकली.

महिनाभरात झाडाला नुसतं बोट लावलं तरी सुया झडायला लागल्या. शिगेझोचं तोंड उतरलं, पण चूक कबूल करेल तो शिगेझो कसला! "गेलं ते," तो म्हणाला. "उपटून टाक. कुंडी चांगली आहे, जुनिपरच्या झाडाला होईल."

तात्सुए आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. "कुंडी घ्या तुमची! झाड माझं आहे!"

तिनं कांद्याचा वाफा उकरला. पात उपटली, ढेकळं चाळली, पांढरे धागे असलेली माती वेचून घेतली. त्या रात्री सूपमध्ये कांदाच कांदा होता. शिगेझोनं मुकाट्यानं गिळला. माती कमी पडली, म्हणून तिनं रेती मिसळली. एका साध्या लाकडी खोक्यात झाड बसवलं आणि उत्तरेच्या भिंतीशी, वेताच्या पडद्याआड ठेवलं. हे बरोबर की चूक, तिला तरी कुठे ठाऊक होतं? पण मेलं तर माझ्या हातून मरू दे, असं तिनं ठरवलं होतं.

त्यात उन्हाळा असा तापला की दुष्काळात तेरावा महिना. नेमुरोचं धुकं इथे कुठून आणायचं? ती सकाळ-संध्याकाळ फवारा मारायची, दुपारी पडदा भिजवायची. ओसरीवर पंखा हलवत शिगेझो उंटावरून शेळ्या हाकायचा, "अगं, मुळं कुजवशील!" शेजारचे कुवाबारा कुंपणावरून हसायचे, "वहिनी, सरपणाला पाणी घालताय होय?"

"हो! पाणी तुमच्या घरचं नाही ना?" ती फवारा न थांबवता म्हणायची.

थंडी आली. शेंडा वाळला, वरच्या दोन फांद्या काड्या झाल्या. एका सकाळी तात्सुए खोक्याशी बसून रडली, मग डोळे पुसून तिनं खोक्याभोवती गवताचा पेंढा बांधला.

वसंतात सगळ्यात खालच्या फांदीवर तिला कोंबाच्या तपकिरी टोपीखाली हिरवा ठिपका दिसला. मग आणखी एक. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की मोडतं, असं तिला वाटलं.

पण एका सकाळी शिगेझो तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मग सवयीनं त्याची दोन बोटं पुढे गेली. स्प्रूसचे कोंब कात्रीनं नाही, चिमटीनं खुडतात, आणि तशी चिमटी साऱ्या गल्लीत फक्त त्याचीच होती.

तात्सुएनं त्याचं मनगट धरलं. "यंदा नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याला वाढू द्या."

"पण आकार बिघडेल गं."

"बिघडू दे."

शिगेझोनं हात मागे घेतला. मान खाली घालून, अगदी हळू म्हणाला, "चुकलं माझं, तात्सुए. मग मी काय करू?"

तिनं झारी त्याच्या हातात दिली.

"पाणी घाला. तीन वर्षं."

तो झारी भरून आला आणि खोक्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"बारीक धार," ती म्हणाली.