मागच्या सीटखालचा धूर

माझ्या नवऱ्याला, रणजीतला, गाड्यांचं वेड. पुनावळ्यात घरामागच्या शेडमध्ये खपून त्याने एक जुनी जीप उभी केली आणि सायलेन्सरचे पाइप दोन्ही बाजूंना दारांखालून बाहेर काढले. गाडी सुरू झाली की शेजारपाजारचे बघायला यायचे.

दिवाळीनंतर आम्ही सासूबाईंना घेऊन तळेगावला नणंदेकडे निघालो. थंडी म्हणून काचा बंद. देहूरोड मागे पडल्यावर माझं डोकं दुखायला लागलं. मागे बघितलं तर सासूबाई कलंडलेल्या. हाक मारली, हलवलं, तरी डोळे उघडेनात. आम्ही त्यांना उचलून मोकळ्या हवेत आणलं आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठला. ऑक्सिजन लावल्यावर त्या शुद्धीवर आल्या. "गाडीच्या धुरातला विषारी गॅस," डॉक्टर म्हणाले. "थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

रणजीत कितीतरी दिवस जीपकडे फिरकला नाही. मग ती टोइंगवर चढवून चाकणला मारुतरावांच्या सायलेन्सरच्या दुकानात नेली. सासूबाईही हट्टाने आल्या.

मारुतरावांनी एका पाइपाचं तोंड ओल्या फडक्याने बंद केलं. डब्यात धूप पेटवला आणि ब्लोअरने तो धूर दुसऱ्या पाइपातून आत सोडला. "आता फक्त बघत राहा," ते म्हणाले.

आधी काहीच दिसलं नाही. मग इंजिनाजवळच्या जोडातून एक पांढरा धागा वर आला. पाइपाच्या चिरेतून दुसरा. आणि मग गाडीच्या आत, मागच्या सीटखालून धूर उमलत वर चढला, सासूबाई बसल्या होत्या तिथे भरून राहिला. जीप देवळासारखी घमघमत होती.

"ह्यो माझ्या छातीत गेल्ता व्हय?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"हाच रस्ता, मावशी. फक्त तो गॅस दिसत नव्हता, आणि त्याला वासही नसतो."

सीटखाली जुन्या बोल्टाचं भोक राहून गेलं होतं, बोट जाईल एवढं. ते रणजीतने स्वतः पत्रा लावून बुजवलं. जोडाला नवं पॅकिंग बसलं, चीर वेल्डिंगने भरली. पाइपांची तोंडं मागच्या खिडकीखाली उघडत होती. ती चाकाच्या मागे नेऊन बाहेर वळवली. पुन्हा धूप पेटवला. या वेळी एक धागासुद्धा सुटला नाही. फडकं काढल्यावर सगळा धूर पाइपाच्या तोंडातून भसकन बाहेर पडला आणि आम्ही तो विरेपर्यंत बघत राहिलो.

परतताना सासूबाई मागेच बसल्या. काचा उघड्या होत्या. मोशीपर्यंत त्या नणंदेच्या संसाराबद्दल बोलत होत्या. जरा गप्प झाल्या की रणजीत आरशात बघायचा.

"जागी हाय रे," त्या म्हणाल्या. "तू म्होरं बघ."