पाहणीसाठी आवरलेली खोली

नगरपालिकेच्या उद्योग केंद्राने बाजारामागे गाळे बांधले आणि ते छोट्या धंदेवाल्यांना नाममात्र भाड्याने देणार असं जाहीर केलं, तेव्हा थोरलीने लगेच अर्ज टाकला. ती आणि तिची धाकटी जाऊ घरातच शाळेची दप्तरं शिवायच्या. खोली एकच. कापड पसरायचं तर आधी सासऱ्यांना खाटेसकट दारात सरकवावं लागे. "एकदाचं बाहेरच ठेवा मला," म्हातारा कुरकुरायचा. दप्तरं विकत घेणारा दुकानदार जास्त माल मागत होता, पण कापायलाच जागा नव्हती. गाळा मिळाला की तुम्हालाही कामाला घेते, असं थोरलीने शेजारच्या दोघींना सांगूनही टाकलं होतं.

धंदा खरंच चालतो का हे पाहायला केंद्राचे साहेब येणार असा निरोप आला आणि घरात एकच धांदल उडाली. एवढा मोठा माणूस दारात येणार, त्याला हा पसारा दाखवायचा? दोघींनी कापड, पट्टे, चेना, अर्धवट दप्तरं, सगळं गाठोड्यांत बांधून शेजारणीच्या माळ्यावर टाकलं. फरशी घासली. मशिनींवर धुतलेली चादर घातली. धाकटीने खुर्चीही मागून आणली.

साहेब बसले, चहा प्याले. माणूस वाईट नव्हता, फक्त समोर दिसेल तेवढंच त्याला दिसायचं.

"काम कसं चाललंय?"

आता परक्या माणसापुढे स्वतःची बढाई कशी मारायची? थोरली संकोचून म्हणाली, "कसलं काम साहेब, आपलं थोडंफार. बसल्याबसल्या."

साहेबांनी लख्ख फरशीकडे पाहिलं आणि निरोप घेतला. किती सज्जन माणूस, असं दोघी संध्याकाळपर्यंत म्हणत राहिल्या.

गाळा मिळाला नाही. मधल्या भिंती पाडून सगळे गाळे एका बॅगवाल्या शेठला दिले गेले. तो म्हणे पुष्कळ बायकांना रोजगार देणार होता. थोरली केंद्रात जाऊन भांडली, तेव्हा साहेब खरोखरच गोंधळले. "बाई, तुम्हीच म्हणालात ना, थोडंफार?" थोरलीला नुसता संताप आला, आणि त्यातला अर्धा स्वतःवरच होता.

शेठचा माल बाजारात स्वस्त पडू लागला. भाडं नसल्यात जमा, मग पडणारच. दुकानदाराने हात वर केले. शेवटी दोघी नाक मुठीत धरून शेठच्या मुकादमाकडे गेल्या. दिवसा तिथे राबू आणि रात्री घरी आपली चार दप्तरं शिवून विकू, तेवढा तरी धंदा आपला राहील, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं.

"काम आहे," मुकादम म्हणाला. "मशीन आपलं आपण आणायचं."

"म्हणजे रोज ने-आण करायची?" धाकटीने विचारलं.

"छे हो. एकदा आणलं की इथेच राहणार. रात्री कुलूप लागतं, किल्ली शेठकडे असते."

धाकटीने जावेचा हात घट्ट धरला. थोरलीने आतल्या लांबलचक, उजेडाच्या जागेकडे पाहिलं.

"किती वाजता आणू?" तिने विचारलं.