राणीची काच

आमच्या प्रयोगशाळेत एक काच होती, तिला आम्ही राणी म्हणायचो. मेंढ्यांच्या यकृतात राहणारा एक चपटा किडा लाल रंग देऊन त्या काचेवर कायमचा बसवलेला होता. त्याच्या अंगातल्या नळ्या अशा पसरलेल्या की बिनपानांचं झाडच वाटावं. आमच्या कामाशी राणीचा काडीचा संबंध नव्हता. पण पाहुणे येणार असले की सूक्ष्मदर्शकाचा उजेड जमवायला आम्ही आधी तिला लावायचो, कारण ती पटकन दिसते. उजेड जमला की राणी काढायची आणि खरी काच लावायची, अशी आमच्याकडची जुनी पद्धत.

खरी काच म्हणजे तापाची, तापलेल्या माणसाच्या रक्ताची. हा ताप उतरतो, माणूस हिंडूफिरू लागतो, आणि मग तो पुन्हा येतो. दर खेपेला माणसातलं थोडं काहीतरी घेऊन जातो. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तोच झाला होता. जाऊबाई म्हणजे आमच्या घरची तोफ. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला सळो की पळो करून सोडलं, आणि माझ्या बाळंतपणात माझ्या उशाशी ठाण मांडून बसल्या त्याही त्याच. आमच्या नव्या औषधाची चाचणी त्यांच्यावर चालू होती आणि औषध लागू पडत होतं. त्यांचा आवाज पुन्हा शेजाऱ्यांपर्यंत पोचायला लागला होता. फक्त चाचणी अर्ध्यावर थांबता कामा नये, एवढंच मी मनात घोकत होते. ती चालू ठेवणं आता एकाच माणसाच्या हातात होतं.

त्यांना आम्ही आकाशवाले म्हणायचो, कारण ते हेलिकॉप्टरमधून उतरायचे. अफाट श्रीमंत, आणि दान करायचं म्हटलं की हात आखडता न घेणारे. त्यांनी मनावर घेतलं म्हणून एका देशातल्या शाळांची पुस्तकं बदलली होती, दुसऱ्या एका देशातला आजार नावालाही उरला नव्हता. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं आणि कोणी घरी बसवूही शकत नव्हतं. अशा माणसाला जवळून बघायचं म्हणून मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते.

ते ठरल्यापेक्षा आधीच आले. मी राणीवर उजेड जमवत होते, तापाची काच माझ्या डाव्या हातात तयार होती. दार उघडलं, साधा सदरा घातलेला एक उंच माणूस हसत आत आला आणि सरळ माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबला. मी उठले. ते बसले आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला.

आमच्या मोठ्या मॅडमनी त्या तापापायी केस पांढरे केले होते. त्या दारातच खिळल्या.

आकाशवाले कितीतरी वेळ बघत राहिले. मग डोळा न काढताच म्हणाले, "किती सुंदर आहे हे! माणसाला होतो का याचा त्रास?"

"होतो, पण..." मॅडम म्हणाल्या, "डोंगरातल्या मेंढपाळांना. साहेब, खरं म्हणजे आमचं काम..."

"यावर कोण काम करतंय?"

"फारसं कोणी नाही."

"मग आपण करू," असं म्हणून ते उठले. त्यांच्याबरोबरच्या माणसांनी माना डोलावल्या, मॅडमचं पुढचं वाक्य त्या गर्दीतच विरलं. तापाची काच माझ्या हातात होती तशीच राहिली.

पुढे जे झालं ते बघून मी अक्षरशः तोंडात बोट घातलं. ज्या किड्याला कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्यावर मंत्री भाषणं देऊ लागले. रेडिओवर राणी, मुलांच्या धड्यात राणी. तापाचा ध्यास घेतलेली हुशार पोरं रातोरात किडेवाली झाली. आमच्या अंगणात काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्या दर्शनी भिंतीवर राणीचं भलंमोठं चित्र लागलं. एका माणसाने एकदा डोळा लावला आणि पृथ्वी जरा कलली, असं मला वाटायचं.

हे सगळं वाईट होतं असं कसं म्हणू? डोंगरातली एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती. पिवळी पडलेली ती पोर आता आमच्या जिन्यावर उड्या मारत होती. त्या आईने मॅडमचे हात धरले आणि सोडेचना. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू!

आणि त्याच धामधुमीत तापाची चाचणी बंद पडली. ती कोणी बंद केली असंही नाही. आमचं औषध बनवणाऱ्या कारखान्याने ते सोडून किड्याची गोळी बनवायला घेतली, आमची माणसं किड्याच्या कामाला लागली, बस. भांडायला जावं तर कोणाचं दार ठोठावायचं? मॅडमनी कुठे कुठे शब्द टाकला, सगळीकडून गोड उत्तरं आली. जाऊबाईंचा ताप परतला. त्यांचा आवाज आधी शेजाऱ्यांकडे जायचा थांबला, मग स्वयंपाकघरात पोचेना.

इमारतीच्या उद्घाटनाला आकाशवाले पुन्हा येणार होते. मी जाऊबाईंच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं.

"कोणाला दाखवणार आहेस?"

"त्यांनाच. या खेपेला राणी लावतच नाही."

"बघ हो, नीट दिसले पाहिजे मी."

मॅडमना मी सांगितलं, त्या फक्त "लाव" म्हणाल्या. काच रंगवली, तेलाचा थेंब टाकला, उजेड जमवला. फिकट पेशींच्या मधे तापाच्या जंतूची ती बारीक नागमोडी रेघ मला स्वच्छ दिसत होती. आकाशवाले आले, तसेच हसत, बसले.

त्यांनी डोळा लावला आणि लगेच काढला.

"यात काही दिसत नाही," ते मवाळपणे म्हणाले.

"साहेब, ते छोटं चाक जरा फिरवावं लागतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं, पण तोवर ते उठले होते. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. एवढ्या मोठ्या माणसाला, बसा आणि नीट बघा, असं सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

घरी आले तेव्हा जाऊबाई भिंतीला टेकून वाटच बघत होत्या.

"बघितलं का त्यांनी मला?"

"बघितलं."

"मग?"

मी पिशवी खुंटीला अडकवू लागले. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, माझा हात ओढून स्वतःच्या गरम हातात घेतला आणि हसल्या.

"अगं वेडे, त्यांना नटलेलंच दिसतं हे आधी सांगायचंस ना," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मलाही तो लाल रंग लाव."