भाच्याने दिलेला कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, चौकोनी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या आणि पोटात पाण्याची टाकी. सध्या बेसा भागातल्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत उभा आहे. पंप कधीचाच जळला, ताट्या वाळून भुसा झाल्या, आणि माझ्या डोक्यावर तुळशीची कुंडी ठेवून मला टेबलाचं काम दिलं आहे. नागपुरात, ऐन मे महिन्यात, कोरडं उभं राहणं काय असतं ते एखाद्या कूलरलाच विचारा. पण मी माझ्यासाठी रडगाणं गाणार नाही. या घरात त्याहून वाईट घडलं आहे, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म नागपूरच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत झाला. रामाजी नावाचे कारागीर रस्त्याच्या कडेला पत्रा पसरून ठोकत बसायचे. गाड्या हॉर्न वाजवायच्या आणि रामाजी त्यांच्याहून मोठ्याने हातोडा वाजवायचे. मला आकाशी रंग देऊन त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "आवाज थोडा करीन हा, पण हवा अशी देईन का घर सोडून जाऊशा वाटनार नाही." ते गिऱ्हाईक म्हणजे मधुकरराव. त्यांनी मला रामदासपेठेतल्या आपल्या लहानशा ऑफिसात नेलं.

मधुकरराव लोकांना घरासाठी कर्ज मिळवून द्यायचे. कोणत्या बँकेचं व्याज किती, कोणती अट जाचक, हे सगळं ते बघायचे. माणूस उन्हातून आला की आधी माझ्यासमोर बसवायचे, माठातलं पाणी द्यायचे आणि ग्लास खाली ठेवायच्या आत म्हणायचे, "माझी फी दहा हजार. कर्ज मंजूर झाल्यावर द्या. बँकेकडून मी काही घेत नाही. घेतलं, तर तुम्हाला सांगून घेईन." निम्मे लोक तिथेच उठायचे. कर्ज काढायलाही पैसे मोजायचे, हे त्यांच्या पचनी पडत नसे. मला मधुकररावांचा भारी राग यायचा. घोटभर पाणी तरी सुखाने पिऊ द्यावं की नाही माणसाला!

पुढे त्यांची नजर अधू झाली. ऑफिस त्यांनी पुतण्याला, अश्विनला दिलं आणि स्वतः महालातल्या घरी बसून जुन्या ओळखीच्या लोकांपुरतं काम करू लागले. अश्विन हसतमुख आणि मेहनती. त्याने माझा गंज खरवडला, खसच्या नव्या ताट्या बसवल्या. दारावर पाटी लावली, 'गृहकर्ज. सल्ला अगदी मोफत.' मग काय विचारता, खुर्च्या कमी पडू लागल्या. लोक आत येत, 'वा, काय गारवा आहे!' म्हणत, आणि मी फुलून जाई. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

आता तुम्ही विचाराल, फी नाही तर अश्विन जेवत काय होता? मित्रांनो, त्याला कमिशन मिळे. कर्ज देणारी कंपनी आपल्या व्याजाच्या कमाईतून त्याला वाटा देई. त्यात गैर काही नाही, पुष्कळ लोक असंच काम करतात आणि चांगलं करतात. पण एक कंपनी थोडं देई, दुसरी भरपूर देई, आणि भरपूर देणारीचं व्याज बहुधा जास्त असे. गिऱ्हाइकाचे कागद कुठे पाठवायचे हे अश्विनच ठरवी. फोनवर तो काय बोलतो ते मी रोज ऐकत होतो, आणि मला फक्त हवाच देता येत होती.

अशाच एका मे महिन्यात वंदनाताई वडिलांना घेऊन आल्या. वंदनाताई जवळच्याच एका दवाखान्यात नर्स. वडील चंपतराव सावनेरजवळच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. खाणीने पेन्शनबरोबर खोकलाही दिला होता. बायको गेल्यापासून ते गावी, सावनेरला, एकटेच राहत आणि रात्रीबेरात्री दम लागला की शेजाऱ्यांना उठवत. म्हणून ताईंना दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा होता. त्यातली खिडकीची खोली बाबांची. त्या बोलताना 'दुसरी बेडरूम' म्हणतच नव्हत्या, 'बाबांची खोली' म्हणत होत्या.

अश्विनची आई सावनेरची. तेव्हा गावच्या नात्याने चंपतराव त्याचे मामा. तो वाकायला पुढे झाला, तर चंपतरावांनी त्याचे हात धरले आणि स्वतःच वाकून त्याच्या पायाला हात लावला. आपल्या विदर्भात मामाच भाच्याच्या पाया पडतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भाचा म्हणजे देवाच्या जागी. त्याला द्यायचं असतं, त्याच्याकडे मागायचं नसतं.

"काकांकडे जाऊन आलो आम्ही, महालात," वंदनाताई म्हणाल्या. "त्यांनी फी सांगितली."

अश्विन हसला. "काका मोठा चांगला माणूस आहे. पण मामाजी, तुमच्याकडून मी एक रुपया घेतला तर माय मले घरात घेईन का?"

चंपतरावांचे डोळे भरून आले. अश्विनने एका कंपनीचं नाव सुचवलं. पाठोपाठ कर्जाच्या विम्याची पॉलिसीही सांगितली. तिचे पैसे कर्जातच मिळवून टाकू, आता काही भरायचं नाही, म्हणाला. वंदनाताई हुशार. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "व्याज जरा जास्त वाटते. दुसऱ्या बँका पाहिल्या का तुम्ही? अन् तुम्हाला यात नेमकं..."

तेवढ्यात चंपतरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "काय विचारून राहिली वं? भाचा आहे तो आपला. भाच्याले हिशेब विचारतेत का?"

ताईंनी प्रश्न अर्धाच सोडून ग्लास पुन्हा उचलला. अश्विनही खाली बघून कागद सारखे करू लागला. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून खडखडलो. माझा आवाज ऐकून चंपतराव म्हणाले, "हवा मात्र मस्त देते गा तुझा कूलर."

कर्ज मंजूर झालं. लवकरच ऑफिसात एसी आला आणि मी अडगळ झालो. वंदनाताईंच्या वास्तूला अश्विनने मला टेम्पोत घालून पाठवलं, 'मामाजींच्या खोलीसाठी' असा निरोप देऊन. चंपतरावांनी माझ्यावरून हात फिरवला आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं, "भाच्यानं देला." मला त्यांच्या खिडकीत बसवलं. मित्रांनो, त्या उन्हाळ्यात मी जीव ओतून हवा दिली. म्हातारा कित्येक वर्षांनी सलग झोपला असेल.

पण हप्ता जड होता. व्याज जास्त, वर पॉलिसीच्या रकमेवरही व्याज. त्यात कंपनीने दर चढवला आणि हप्ता आणखी वाढला. ताई एका पाळीला जोडून दुसरी पाळी करू लागल्या. ज्या बापासाठी घर घेतलं, त्याच्याशी चार शब्द बोलायलाही त्यांना वेळ उरला नाही. पुढच्या हिवाळ्यात चंपतरावांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि त्या गडबडीत दोन हप्ते चुकले. ताई धावत मधुकररावांकडे गेल्या, कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येईल का विचारायला. आल्या त्या तशाच पलंगावर बसल्या. हप्ते चुकलेल्या माणसाला बँका इतक्यात उभं करणार नाहीत, असं मधुकरराव म्हणाले होते. त्या वेळी त्यांनी फी घेतली नाही, हेही ताईंनी वडिलांना सांगितलं. चंपतराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

नंतर त्यांनी स्वतःच विषय काढला. "माझी खोली भाड्यानं दे. मी जातो सावनेरले."

"तुमच्यासाठीच घेतलं न बाबा हे घर," ताई म्हणाल्या. आपली खोली बाबांना देऊन त्या हॉलमध्ये झोपायला तयार होत्या, तेही चंपतरावांनी ऐकलं नाही. रितिका नावाची कॉलेजातली मुलगी आणि तिची मैत्रीण खोली बघून गेल्या. त्यांना माझा आवाज नको होता. मला बाल्कनीत काढलं.

चंपतराव निघायच्या दिवशी अश्विन आला, पेढे घेऊन. नव्या, मोठ्या ऑफिसचं आमंत्रण होतं. बांधून ठेवलेली पिशवी त्याला दिसली नाही. चंपतरावांनी त्याला पाणी दिलं आणि बराच वेळ घुटमळून म्हणाले, "अश्विन, राग नको मानू बापा. आमच्या कर्जात तुले काय भेटलं?"

अश्विनने भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं. "कंपनीचे तीस हजार, मामाजी. पॉलिसीचे वेगळे."

"अन् दुसऱ्या बँकेत नेलं असतं तर?"

"तिथं व्याज कमी होतं. पण मले फारसं काही भेटत नव्हतं."

"मग तेव्हा काहून नाही सांगितलं?" वंदनाताईंनी विचारलं.

अश्विन खरोखरच गोंधळला. "तुम्ही विचारलंच नाही न ताई. मामाजींनी विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो का?"

तो खोटं बोलला नसता, मित्रांनो. मी इतकी वर्षं त्याला पाहत आलो आहे. त्याने सगळं सांगितलं असतं.

अश्विन उठला, चपला घालायला वळला. चंपतराव भिंतीला धरून उभे राहिले, दम घेतला आणि सवयीने वाकून त्याच्या पायाला हात लावला. "राहू द्या न मामाजी," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. थोड्या वेळाने ताईंनी स्कूटर काढली. मागे पिशवी मांडीवर घेऊन चंपतराव बसले. वळणापर्यंत ते मला दिसत होते. त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं नाही.

आता त्या खिडकीत रितिकाचे टॉवेल वाळतात. मुलगी चांगली आहे, कुंडीला पाणी घालते, त्यातलं थोडं माझ्या पत्र्यावरून ओघळतं. सावनेरहून फोन आला की ताई इथे बाल्कनीत येऊन बोलतात. पलीकडचा खोकला मला ऐकू येतो आणि ताई म्हणतात, "या वर्षी जमवते बाबा."

मित्रांनो, घरातल्या जुन्या कूलरला उन्हाळ्याआधी नवी ताटी लावा, टाकीत पाणी आहे का बघा, एवढं तर मी मागणारच. पण उद्या तुमच्या घरची माणसं कर्ज काढायला जातील, तेव्हा त्यांच्याबरोबर जा आणि समोरच्याला विचारा की तुम्हाला पैसे कोण देतं, किती देतं, आणि दुसरीकडे गेलो तर किती मिळाले असते. त्याने गार पाणी दिलं असलं तरी विचारा. तो भाचा असला तर जरूर पाया पडा, पण विचारून झाल्यावर.