मायाक्काचा सांधा

मायाक्काच्या हाताला धनगरांत तोड नव्हती, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नसे; तीच चारचौघांना सांगायची. लोकरीची गोफण तुटो की मेंढरं बांधायची दोरी, माणसं तिच्याकडं यायची. ती टोकं उकलायची, दाभणानं एकमेकांत ओवायची आणि वर पाण्याचा हात फिरवून तळव्यावर चोळायची. लोकर पाण्यानं आटते आणि एकमेकीला धरून बसते. पुढं कधी दोर तुटलाच तर दुसरीकडं तुटायचा, मायाक्काच्या सांध्यात नाही. सांध्याला सुई लावणं हे तिच्या माहेरी कच्च्या हाताचं लक्षण मानीत.

रोगानं मेंढरं गेली तेव्हा तिचा नवरा गुंडा हिप्परग्याच्या तलावावर कामाला लागला. सोलापुरातल्या एका मिलच्या गोऱ्या साहेबाची तिथं शिडाची लहानशी होडी होती, ती राखायची. तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं आणि साहेबमंडळी पुन्हा मोटारीतून हवा खायला येऊ लागली होती. ज्यानं जन्मात गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं तो गुंडा होडी हाकायला शिकला. पोहायला मात्र शिकला नाही. दोघं बंधाऱ्याखालच्या खोपटात राहायची, बरोबर एक शेळी.

होडीच्या सुकाणूला दोन बाजूंनी दोन बारीक दोर होते. बैलाचे कासरे धरावेत तसे ते हातात धरून बसायचं. उजवा ओढला की होडीचं नाक उजवीकडं, डावा ओढला की डावीकडं. त्या आश्विनात उजवा दोर तुटला. दोर लाकडी कप्पीतून सरकायचा, तिथं गाठ अडकली असती, म्हणून सांधाच हवा होता. गुंडानं बायकोपुढं दोर आणून टाकला. पांढरा, सुती, मेण लावलेला, आणि पायजम्याच्या नाडीसारखा आतून पोकळ विणलेला.

“साहेब म्हनतुया, टोक आत खोल घाला आन् वरनं चार टाके मारा,” गुंडा म्हणाला.

“टाके मारायला मी काय शिंपीन हाय?” मायाक्का म्हणाली.

बायकोच्या कामात बोट घालण्याइतका गुंडा खुळा नव्हता. तिनं दाभणानं वीण उघडली, एक टोक दुसऱ्याच्या पोकळीत वीतभर सारलं, पाणी लावून चोळलं. मग एक टोक त्याच्या हाती दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघांनी पाय रोवून ओढलं. सांधा हलला नाही. उलट ओढावं तशी वीण आवळत गेली. त्याच जातीच्या दोराचे दोन जादा तुकडे होते, तेही तिनं तसेच जोडले आणि त्या दोरानं शेळी खुंटीला बांधली. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा निरोप आला की होडी पलीकडच्या काठाला आणा. तलाव काठोकाठ भरला होता. पलीकडं जाताना डाव्या हाताला सांडव्यावरून पाणी खाली खडकात कोसळत होतं आणि वाराही तिकडंच रेटत होता. गुंडा शीड उभारून निघाला. नाक सांडव्याकडं वळू नये म्हणून त्याला उजवा दोर सारखा ताणून धरावा लागत होता.

इकडं शेळी सकाळपासून बाभळीकडं ओढ घेत होती. मायाक्काला दया आली. तिनं बाभळीची डहाळी तोडून शेळीपुढं, खुंटीजवळ टाकली आणि ती भाकरी थापायला आत गेली. पहिली भाकरी तव्यावर पडते न पडते तोच शेळीनं येऊन पिठाच्या परातीत तोंड घातलं. मायाक्कानं तिला उलथणं हाणलं, शिव्या घातल्या आणि मग तिच्या गळ्यातला दोर हातात घेतला.

दोर तुटला नव्हता. कुरतडलेला नव्हता. आतलं टोक पोकळीतून अलगद निघून आलं होतं, वर एक सूतही विसकटलं नव्हतं. मेणाचं सूत ते, लोकरीसारखं एकमेकाला कशाला धरील? असलाच सांधा गुंडाच्या हातात होता.

ती बंधाऱ्यावर धावली. होडी अजून फार लांब गेली नव्हती. तिनं हाका मारल्या, पदर हलवला, पण वारा हाक आडवी उडवून नेत होता आणि गुंडाची पाठ तिच्याकडं होती. अशी हतबल ती मेंढरं पटापट मरत होती तेव्हाही झाली नव्हती. तिनं कंबरेची गोफण सोडली.

रानात माणसाच्या पुढ्यात धोंडा पडला की त्यानं मागं फिरायचं, ही दोघांची लग्नापासूनची खूण. लांडगा दिसला, मेंढरू अडलं, की ती गोफण फिरवायची. तिनं धोंडा भरला. पहिला मागंच पडला. दुसरा होडीच्या नाकापुढं, जिथं पडायला हवा तिथंच, पाणी उडवत पडला.

गुंडानं मागं पाहिलं आणि हात वर केला. कळलं, असं. कशाला बोलावलंस, हे त्यानं कधीच विचारलं नव्हतं.

उजवीकडं वळायचं तर वारा तोंडावर आला असता, म्हणून त्यानं उजवा दोर सैल सोडला, तो नुसता हेलकावत राहिला, आणि डावा ओढला. होडी वळू लागली. अर्ध्या वळणात नाक सांडव्यासमोर आलं, पाण्याची ओढ लागली, तसं त्यानं घाबरून नाक परत फिरवायला उजवा दोर खेचला. दोर नुसताच हातात आला. मायाक्काला तो पांढरा तुकडा लांबून स्पष्ट दिसला. गुंडा वल्ह्याकडं झेपावला, होडी आडवी झाली आणि सांडव्यावरून गेली.

माणसांनी त्याला खालच्या खडकातून काढलं तेव्हा तो गार पडला होता.

दुपारी कुंभारीहून दीर धुळाप्पा आला. सगळं ऐकून तो डोळे पुसत तिच्यापुढं बसला. म्हणाला, वैनी, तुमी करायचं ते केलं. धोंडा बराबर पडला, दादा वळला बी. नशीबच फुटकं. जमलेल्या बायकाही तेच म्हणत होत्या, अशा वाऱ्यात एवढा नेम कुणाचा लागतो.

शेळीच्या दोराचे दोन्ही तुकडे मायाक्काच्या मांडीवर होते. तिनं टोक पुन्हा पोकळीत सारलं आणि जीव खाऊन ओढलं. सांधा हलला नाही. आणखी ओढलं, दोर तळहातात रुतला, तरी हलला नाही. मग तिनं हात सैल सोडले आणि दोर नुसता हलवला, डहाळीशी मान हलवीत शेळी खाते तसा. टोक सरकत सरकत बाहेर आलं.

सकाळपासून शेळी ओढ घेत होती तोवर सांधा धरून होता; डहाळीपाशी दोर सैल पडला तेव्हाच सुटला. गुंडाही दोर ताणून सरळ निघाला होता. तसाच गेला असता तर पलीकडं पोचला असता.

धुळाप्पानं तिच्या हातातून दोर काढून घ्यायला पाहिलं. तिनं दिला नाही.

“भाऊजी,” ती म्हणाली, “त्यो वळला म्हनूनच गेला.”

धुळाप्पाला काही उमगलं नाही. दुःखानं बाई भ्रमली, असं समजून त्यानं बायकांना तिला पाणी द्यायला सांगितलं.