राखेचे चरे

"या अल्ला! गजराबाई, गाडी पुसली कशानं?" ड्रायव्हर खाजामियाँ मोटारीपाशीच थबकला.

"राखेनं! चांगली वस्त्रगाळ करून घेतली हुती," गजराबाई कौतुकानं म्हणाली. "परंड्याच्या रस्त्याची लई धूळ बसली हुती बघा. म्हनलं, भाऊ जुम्म्याच्या नमाजाला गेल्यात, तवर घासून ठिवावी. पितळ कसं लखलखतंय राखेनं!"

धाराशिवच्या तालुकदारसाहेबांच्या बंगल्यावर ती भांडी घासायची. ज्या हातानं घागर, त्याच हातानं काळी मोटार! उन्हात बॉनेटवर गोल गोल चरे चमकत होते, जणू कोळ्यानं जाळंच विणलेलं. अकरा वर्षं खाजामियाँ ही गाडी चालवत होता. रंगावर माशी बसू दिली नव्हती. आता तीन वाजले होते. चारला हैदराबादचे पाहुणे घेऊन साहेब तुळजापूरला निघणार होते. "चरा दिसला, तर ज्याचा हात लागला त्याला हाकलीन," असं त्यांनी बजावलेलं.

गजराबाईनं पदर डोळ्यांना लावला. "भाऊ, माझं नाव सांगू नगा. लेकरं हायेत."

"रडू नको. टिपं पडली तर त्याचेबी डाग पडतेत."

पॉलिशच्या डबीत तळाशी बोटभर उरलं होतं. पण कापड? पोतेरं खरबरीत, तिचं लुगडं जाडंभरडं. खाजामियाँनं डोक्यावरची दस्तार, म्हणजे वर्दीचा फेटाच, उतरवली. अकरा वर्षं धुतलेली पांढरी मलमल, लोण्यासारखी!

"भाऊ, दस्तार?"

"गोल न्हाय, सरळ घासायचं. बघ."

सरळ, हलकं, पुन्हा सरळ. चरे विरू लागले आणि गाडीचा काळा रंग मलमलीला लागू लागला. घाम बॉनेटवर पडू नये म्हणून तो मान तिरकी करून घासत होता. वर मेणाचा हात फिरवला. दिव्याजवळचा शेवटचा चरा गेला आणि पायरीवर बूट वाजले.

साहेबांनी वाकून बॉनेटमध्ये आपलं रूप पाहत मिशी नीट केली. मग त्यांची नजर वर गेली.

"दस्तार किधर है?"

भिंतीआड गजराबाईनं काळी झालेली दस्तार पदराखाली लपवली.

"मैली हो गई, हुजूर."

"मेहमानों के सामने नंगे सर?" साहेब ओरडले नाहीत. नुसता किल्लीसाठी हात पुढं केला.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मोटार त्याच्याविना फाटकाबाहेर पडली. तिच्या अंगावर एक चरा नव्हता.

गजराबाई दस्तार घेऊन आडावर बसली. सवयीनं तिचा हात राखेच्या ढिगाकडं गेला, तिथंच थांबला. मग नुसत्या तळव्यानं ती मलमल चोळू लागली. सरळ, हलकं, पुन्हा सरळ.